शेणाचा हिशेब

२०१४ च्या ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. हॉलंडच्या म्हणजे नेदरलँड्सच्या पूर्व भागातल्या एका गोठ्यात मी उभा होतो. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. गोठ्यात ऐंशी गाई. पायाखालच्या सिमेंटच्या फरशीला ओळीने फटी ठेवलेल्या आणि त्या फटींतून शेण-मूत्र सरळ खालच्या तळघरात पडत होते. आपल्याकडे धान्याचे पेव असते तसे तिथे शेणाचे पेव! मालकाने एक झाकण उघडून आत वाकून पाहिले आणि तो म्हणाला, "फेब्रुवारीपर्यंत मावलं पाहिजे."

मी मृदाशास्त्राचा माणूस. माती आणि खताचे नमुने तपासण्यात माझी तीस वर्षे गेली. समोर चाळीस हेक्टरांचे हिरवेगार कुरण पसरलेले दिसत होते. मी विचारले, "शेत तर दारातच आहे. मग हे साठवून कशाला ठेवता? टाकून मोकळे व्हा."

"आज टाकलं तर दंड होईल," तो म्हणाला. "आणि माझ्या जमिनीच्या हिशेबाबाहेर जे उरतं ते टँकरवाला घेऊन जातो. त्याचे पैसे मी देतो."

"तुम्ही देता? की तो देतो?"

"मी देतो."

आमच्या गावाकडे शेणखताची एक ट्रॉली मिळवायची तर आधी सांगून ठेवावे लागते आणि पैसे रोख मोजावे लागतात, हे मी त्याला सांगितले. धनगरांची मेंढरे रानात बसवून घ्यायची तर शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देतो, हेही सांगितले. माझ्या इंग्रजीत काही चूक होत असावी असे त्याला वाटले. पुन्हा सांगितल्यावर पटले. मग त्याने एक साधा प्रश्न विचारला, "तुमच्याकडे खताचा ढीग कुठे करायचा, याचा काय नियम आहे?"

मी हसून म्हणालो, "नियम कसला? आमचा उकिरडा विहिरीजवळ आहे. जागा मोकळी होती तिथे वडिलांनी घातला."

मी हसलो, पण तो हसला नाही.

त्याच्या त्या न हसण्याचा अर्थ मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळला. तो कसा, ते शेवटी सांगतो. आधी हे शेणाचे नियम म्हणजे काय आणि ते कुठून आले, ते पाहू.

शेण ही सोन्यासारखी वस्तू आहे, असे मानणाऱ्या समाजात आपण वाढलो. ते खरेही आहे. पण सोन्याचा भाव ते दुर्मीळ असण्यावर असतो. नेदरलँड्समध्ये नेमके उलटे झाले. हा देश आपल्या मराठवाड्यापेक्षाही लहान. दुसऱ्या महायुद्धात उपासमार सोसलेल्या या लोकांनी युद्धानंतर ठरवले की पुन्हा अन्न कमी पडू द्यायचे नाही. शेती मोठी केली, गोठे मोठे केले. रॉटरडॅमसारखे बंदर हाताशी असल्यामुळे जनावरांना लागणारे खाद्य स्वतःच्या रानात पिकवण्याची गरज उरली नाही. ब्राझीलचे सोयाबीन आणि कुठकुठला मका जहाजाने येऊ लागला. दूध, चीज, मांस देशोदेशी जाऊ लागले. पैसा आला.

यातली मेख अशी, की सोयाबीन ब्राझीलच्या मातीतून नत्र आणि स्फुरद घेऊन येते. गाय ते खाते. त्यातला काही भाग दुधातून बाहेर जातो आणि बराच मोठा भाग शेणामुतातून तिथेच पडतो. म्हणजे एका खंडाच्या जमिनीतले सत्त्व जहाजात भरून दुसऱ्या खंडाच्या छोट्याशा तुकड्यावर ओतत राहायचे. हे चाळीस-पन्नास वर्षे चालले. आपल्या जुन्या शेतीत रानातला चारा जनावर खाई आणि त्याचे शेण त्याच रानात परत जाई. ते चक्र तिथे तुटले. चक्र तुटले की खताचे घाणीत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

मग ही घाण जाते कुठे? त्यासाठी नत्राचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. शेणामुतातले नत्र जमिनीत पडले की जिवाणू त्याचे रूपांतर अमोनियात आणि पुढे नायट्रेटमध्ये करतात. पिकाच्या मुळांना हे नायट्रेट आवडते. पण ते पाण्यात सहज विरघळते आणि मातीच्या कणांना चिकटून राहत नाही. मातीचे कण आणि नायट्रेट या दोघांवरही ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना धरत नाहीत. पिकाने उचलले तर ठीक. नाही तर पुढचा पाऊस त्याला घेऊन खाली जातो. थेट विहिरीत, बोअरमध्ये, नदीत.

पाण्यात नायट्रेट वाढले तर काय होते? १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. कॉमली या डॉक्टरांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. शेतावरच्या विहिरीचे पाणी वापरून केलेले वरचे दूध पिणारी तान्ही मुले निळसर पडत होती. पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवते. मोठ्या माणसाचे शरीर त्याला तोंड देते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते जमत नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट किती चालेल, याच्या जगभरच्या मर्यादेमागे ही निळी बाळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने आणि युरोपने ती लिटरला ५० मिलिग्रॅम ठेवली आहे. आपल्या भारतीय मानकात ती ४५ मिलिग्रॅम आहे.

नदी-समुद्रात गेलेले नायट्रेट शेवाळाला खाऊ घालते. शेजारच्या फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर डुकरांच्या आणि गाईंच्या दाट वस्तीमुळे हिरव्या शेवाळाचे थर साचू लागले. २००९ च्या जुलैमध्ये त्या कुजणाऱ्या शेवाळातून निघालेल्या विषारी वायूने एक घोडा जागीच मेला आणि त्याचा स्वार बेशुद्ध पडला. तेव्हा कुठे साऱ्या देशाने त्या शेवाळाकडे पाहिले.

युरोपातल्या देशांनी १२ डिसेंबर १९९१ रोजी नायट्रेटविषयीचा सामाईक कायदा केला. ज्या प्रदेशातले पाणी धोक्यात आहे तो प्रदेश 'संवेदनशील' ठरवायचा आणि तिथे शेणखत टाकण्यावर बंधने घालायची, असे त्याचे स्वरूप. नेदरलँड्सने तर आपला सगळा देशच या नियमांखाली आणला. या कायद्यातल्या बारकाव्यांत मी शिरत नाही. पण त्याचा गाभा चार प्रश्नांत सांगता येतो. किती टाकायचे? केव्हा टाकायचे? कुठे टाकायचे नाही? आणि कसे टाकायचे?

पहिला प्रश्न, किती. जनावरांच्या खतातून वर्षाला हेक्टरी १७० किलो नत्र, त्याहून जास्त नाही. भरपूर दूध देणारी तिथली गाय वर्षाला शंभर किलोहून अधिक नत्र शेणामुतातून बाहेर टाकते. म्हणजे एका हेक्टरला साधारण दीड गाय. गाई त्याहून जास्त असतील तर जादा शेणाची सोय दुसऱ्याच्या रानात करायची. यातली गंमत पाहा. मर्यादा शेणावर घातली, पण तिने गोठ्यातल्या गाई मोजल्या.

दुसरा प्रश्न, केव्हा. पीक वाढत असताना टाकले तर मुळे नत्र उचलतात. थंडीत गवत झोपलेले असते, तेव्हा टाकलेले सगळे पाण्याबरोबर खाली जाते. म्हणून कुरणावर पातळ शेणकाला टाकण्याची मुभा ढोबळ मानाने फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतच. गोठलेल्या, बर्फाने झाकलेल्या किंवा पाण्याने तुडुंब झालेल्या जमिनीवर तर नाहीच नाही. आणि टाकता येत नाही त्या काळात ठेवायचे कुठे? तर सात महिन्यांचे शेणमूत मावेल एवढी साठवण शेतकऱ्याकडे असलीच पाहिजे. एक गाय वर्षाला पंचवीस-तीस घनमीटर शेणकाला देते. ऐंशी गाईंचा सात महिन्यांचा हिशेब केला तर बाराशे-तेराशे घनमीटर होतो. त्या गोठ्याखालचे पेव एवढे अवाढव्य का होते, ते आता लक्षात येईल.

तिसरा प्रश्न, कुठे नाही. ओढ्या-कालव्याच्या काठाला पट्टा मोकळा सोडायचा. तीव्र उतारावर टाकायचे नाही. याबाबत इंग्लंडचा नियम आपल्याला समजायला सोपा आहे. तिथे विहीर, झरा किंवा बोअर यांपासून ५० मीटरच्या आत आणि ओढ्या-नाल्यापासून साधारणपणे १० मीटरच्या आत शेणखत टाकता येत नाही. संवेदनशील भागात शेतात खताचा ढीग केला तरी अंतर तेवढेच राखायचे. वर्षभरात तो ढीग हलवायचा आणि त्याच जागेवर पुढची दोन वर्षे पुन्हा घालायचा नाही. कारण ढिगाखालची जमीन नत्राने भरून गेलेली असते. तिला ते पचवायला अवधी हवा.

चौथा प्रश्न, कसे. पूर्वी टँकरच्या मागे एक ताटली असे. तिच्यावर आपटून शेणकाला हवेत उडे आणि कारंज्यासारखा शेतभर पडे. काम झटपट होई, पण त्यातला अमोनिया हवेत उडून जाई. वाऱ्याबरोबर तो रानावनांवर उतरतो आणि तिथल्या नाजूक वनस्पती मागे पडून गवत माजते. म्हणून नेदरलँड्सने १९९० च्या दशकात ही पद्धत बंद केली. आता यंत्राची पाती कुरणात बारीक चिरा पाडत जातात आणि त्या चिरांत शेणकाला सोडला जातो. मी ते यंत्र चालताना पाहिले आहे. मागून चालत जा, वास जवळजवळ येत नाही. जो वास येत नाही ते नत्र जमिनीत राहिले, असा त्याचा साधा अर्थ.

हे झाले नियम. पण ते पाळले जातात की नाही, हे कोण पाहणार? तिथे शेणाची वाहतूक म्हणजे आपल्याकडच्या मौल्यवान मालाच्या वाहतुकीसारखी. टँकरला उपग्रहाद्वारे ठावठिकाणा सांगणारे यंत्र. प्रत्येक खेपेचे वजन. प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत, त्यात नत्र किती आणि स्फुरद किती ते पाहायला. देणाऱ्याच्या खात्यातून वजा, घेणाऱ्याच्या खात्यात जमा. बँकेचे पासबुक असावे तसे शेणाचे पासबुक. शिवाय जमिनीत आधीच स्फुरद भरपूर असेल, तर माती परीक्षणाच्या आधारे तिला कमी स्फुरद मिळते.

एवढे करूनही लबाडी झालीच. २०१७ साली तिथल्या एका दैनिकाने शोध घेऊन दाखवून दिले की कागदावर दूरच्या शेतात गेलेले खत प्रत्यक्षात भलतीकडेच टाकले जात होते. खेपांच्या नोंदी खोट्या होत्या. जिथे शेण घालवायला पैसे पडतात तिथे ते गुपचूप टाकण्याचा मोह होणारच. आपल्याकडे धान्याची चोरी होते ती नेण्यासाठी. तिथे शेणाची चोरी होते ती टाकून येण्यासाठी!

आता शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे, कारण नियम सांगणारा आणि तो सोसणारा हे वेगळे असतात. आमचे कुरण वर्षाला आठ-नऊ महिने वाढते, ते १७० किलोपेक्षा जास्त नत्र उचलू शकते, असे डच शेतकऱ्यांचे म्हणणे होते. ते अगदीच चुकीचे नव्हते. म्हणून २००६ पासून कुरण जास्त असणाऱ्या शेतांना सवलत मिळाली. तिथे हेक्टरी २५० किलोपर्यंत, काही वालुकामय भागांत पुढे २३० किलोपर्यंत मुभा होती. माझ्या ओळखीचा तो शेतकरी याच सवलतीवर चालला होता. ऐंशी गाई आणि चाळीस हेक्टर, म्हणजे हेक्टरी दोन गाई. वासरांचे शेण तेवढे बाहेर द्यावे लागे.

मी गेलो तेव्हा त्याच्या अंगणात नव्या गोठ्याचे खांब उभे राहत होते. युरोपात १९८४ पासून दुधावर कोटा होता आणि १ एप्रिल २०१५ ला तो उठणार होता. आणखी चाळीस गाई घेण्याचा त्याचा बेत होता. बँकेनेही कर्ज दिले होते. त्याच्यासारखा विचार हजारो शेतकऱ्यांनी केला. कोटा उठला, गाई वाढल्या आणि देशाला ठरवून दिलेली स्फुरदाची मर्यादा ओलांडली गेली. मग सरकारने १ जानेवारी २०१८ पासून प्रत्येक दूध उत्पादकाला स्फुरदाचे हक्क वाटून दिले. आधार धरला तो २ जुलै २०१५ या दिवशी गोठ्यात असलेल्या गाईंचा आणि त्यातूनही अनेकांचे ८.३ टक्के कापले. त्या दिवशी त्याचा नवा गोठा बांधून तयार होता, पण गाई यायच्या होत्या. रिकाम्या गोठ्याला हक्क मिळत नाहीत.

पुढे २०१९ च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने नत्र उत्सर्जनाची परवानगी देण्याची सरकारी पद्धत बेकायदा ठरवली. ऑक्टोबरात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग शहरात धडकले. २०२२ मध्ये पुन्हा उद्रेक झाला. २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिलेला एक नवा पक्ष सगळ्यांत पुढे गेला. आणि २०२२ मध्येच युरोपीय आयोगाने ठरवले की २५० किलोची सवलत टप्प्याटप्प्याने काढून घ्यायची आणि २०२६ पासून सगळ्यांना १७० किलोच.

थोडी आकडेमोड करू. नेदरलँड्समधल्या सगळ्या जनावरांनी मिळून वर्षाला किती नत्र बाहेर टाकावे, याची मर्यादा बरीच वर्षे ५० कोटी ४४ लाख किलो होती. देशातली शेतजमीन सुमारे १८ लाख हेक्टर. भाग द्या, हेक्टरी २८० किलो येतात. ही मर्यादा २०२५ साठी ४४ कोटी किलोवर आणली, तरी हेक्टरी सुमारे २४४ किलो होतात. नियम मात्र १७० चा. मधल्या फरकाचे काय करायचे? ते परदेशी पाठवायचे, प्रक्रिया करायचे किंवा गाई कमी करायच्या. यातला प्रत्येक मार्ग कुणाच्या तरी खिशातून जातो.

नियमांचा उपयोग झाला का? झाला, पण अर्धा. चिकणमातीच्या भागात पाण्यातले नायट्रेट उतरले. दक्षिणेकडच्या वालुकामय भागात ते पुढेही अनेक वर्षे मर्यादेच्या वरच राहिले. जमिनीत चाळीस वर्षे साठवलेले चार वर्षांत निघत नाही.

मित्रहो, तुम्ही म्हणाल, हे सगळे त्यांचे रडगाणे. आमच्या जमिनी तर शेणखतासाठी आसुसलेल्या आहेत. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात गाई-बैल सुमारे १ कोटी ४० लाख आणि म्हशी ५६ लाख, पण आपला प्रदेश केवढा मोठा! शिवाय गोवऱ्या थापण्यात किती शेण जाते. बैल गेले, ट्रॅक्टर आले. उकिरडे लहान झाले. हे सगळे खरे आहे. मीही व्याख्यानांतून हेच सांगत आलो.

चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते. १७० किलो नत्र द्यायचे तर हेक्टरी ३४ टन शेणखत लागेल. एकरी तेरा-चौदा टन. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला एवढे मिळते कुठे? त्याला या मर्यादेची भीती नाही. उलट दोन ट्रॉल्या जास्त मिळाल्या तर हव्याच आहेत.

पण कोंबडीखत घ्या. त्यात नत्र दोन ते तीन टक्के. अडीच टक्के धरले तर १७० किलो नत्रासाठी हेक्टरी सात टनही पुष्कळ झाले, म्हणजे एकरी पावणेतीन टन. आता दहा टनांचा एक ट्रक एका एकरावर पसरला तर त्यातून अडीचशे किलो नत्र जाते. हेक्टरी हिशेबाने सहाशे किलोंच्या वर. त्यावर युरिया वेगळा. डच शेतकऱ्याला ज्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी टाकायची परवानगी आहे, तेवढे आपण 'सेंद्रिय आहे, काही होत नाही' म्हणून टाकून मोकळे होतो.

आता त्या न हसण्याविषयी.

आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यात. शेती थोरला भाऊ आणि पुतण्या पाहतात. तीन वर्षांपूर्वी पुतण्याच्या मुलीच्या बारशाला गेलो होतो. सूनबाईला अंगावरचे दूध पुरत नव्हते, म्हणून बाळाला पावडरचे दूध चालू होते. पाणी कुठले, असे मी सहज विचारले. पुतण्या म्हणाला, "आपल्या विहिरीचंच. पण उकळूनच देतो काका, काळजी करू नका."

उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. मी उठून विहिरीकडे गेलो. वडिलांनी घातलेला उकिरडा होता तिथेच होता, विहिरीपासून वीस पावलांवर. त्याला लागून मिरचीसाठी आणलेल्या कोंबडीखताचा दोन ट्रकांचा ढीग. वर झाकण नाही. पावसाळा त्याच्यावरूनच गेला होता. आमच्याकडे वर थोडी काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा खडक. त्या भेगांतून पाणी विहिरीत यायला किती वेळ लागणार? पलीकडे संडासाचा शोषखड्डा होता, तोही याच कामाला हातभार लावणारा.

पाण्याचा नमुना मी बाटलीत भरून नेला. तीस वर्षे लोकांचे नमुने तपासले, पण घरच्या विहिरीचा कधी तपासला नव्हता. आकडा आला लिटरला ९६ मिलिग्रॅम. मर्यादेच्या दुपटीहून जास्त. त्याच संध्याकाळी फोन केला आणि बाळाचे पाणी बदलायला लावले. पोर सुखरूप आहे, आता अंगणभर धावते. पण तो आकडा हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो.

हे आमच्याच घरचे नाही. केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा अहवाल पाहा. महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक नमुन्यांत नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर होते. देशातल्या सर्वाधिक बाधित पंधरा जिल्ह्यांच्या यादीत आपले सात आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. यात दोष एकट्या शेणखताचा नाही. युरिया आहे, सांडपाणी आहे, शोषखड्डे आहेत. पण वाट तीच, मातीतून खडकात आणि खडकातून घागरीत.

आपल्याकडे कोणत्या पिकाला किती टन शेणखत घालावे, याच्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशी आहेत. मोठ्या दुग्धशाळा आणि गोशाळांतल्या शेणाची विल्हेवाट कशी लावावी, याबद्दल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० पासूनच्या मार्गदर्शक सूचनाही आहेत. पण शेतात टाकायच्या खतावर हेक्टरी किलोची कायदेशीर मर्यादा, टाकण्याचे महिने, शेणाचे पासबुक, असे काही आपल्याकडे नाही. ते जसेच्या तसे आणावे असे मी म्हणणार नाही. चार जनावरे असलेल्या शेतकऱ्याच्या मागे पासबुक लावले तर तो जनावरेच विकून टाकेल. जिथे शेण कमी आहे तिथे जास्त शेणाचा कायदा काय कामाचा? पण जिथे एकाच शिवारात हजारो कोंबड्या आहेत, शहराला लागून म्हशींचे मोठाले गोठे आहेत, तिथे तो प्रश्न आजच दारात उभा आहे. नेदरलँड्सने तो चाळीस वर्षे उशिरा विचारला आणि त्याची किंमत माझ्या त्या मित्रासारख्यांनी मोजली. चूक धोरणाची, कर्ज त्याच्या डोक्यावर.

कायदा येईल तेव्हा येवो. ते चार प्रश्न मात्र आपण आपल्या बांधावर उभे राहून स्वतःला विचारू शकतो. किती? शेणखत मनसोक्त, पण कोंबडीखत मोजून आणि तेवढ्या प्रमाणात युरिया कमी करून. केव्हा? पेरणीच्या तोंडावर, चांगले कुजवून. ऐन पावसाळ्यात उघड्या रानात ढीग ठेवायचा नाही. कुठे नाही? विहीर, बोअर, ओढा यांच्या जवळ नाही. शक्यतो ५० मीटर दूर, म्हणजे दीडशे फुटांच्या पलीकडे आणि विहिरीच्या उताराच्या बाजूला, चढाच्या बाजूला नाही. कसे? पसरले की लगेच वखराने मातीत मिसळायचे. उन्हात पसरून ठेवलेल्या खतातले नत्र हवेत उडते. पैसे ट्रॉलीचे दिले आणि माल वाऱ्याने नेला, असे होते. आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पिण्याच्या पाण्याचा नमुना तपासून घ्यायचा.

आमचा उकिरडा हलवायचा म्हटल्यावर दादा नाराज झाला होता. "आबांनी घातलेला आहे," म्हणाला. "चाळीस वर्षं याच विहिरीचं पाणी पितोय. कुणाला काय झालं?" मी वाद घातला नाही. तपासणीचा कागद त्याच्यापुढे ठेवला आणि नातीचे वजन किती, ते विचारले. दिवाळीनंतर त्याने स्वतःच ट्रॅक्टर लावून सगळे रानाच्या खालच्या टोकाला नेले. जमीन चोपून, बांध घालून, वर तुराट्यांचे छप्पर केले. पुढच्या वर्षी विहिरीचा आकडा ७१ आला. ४५ च्या खाली तो अजून आलेला नाही. तोवर घरात पिण्याचे पाणी दुसरीकडून येते.

या नववर्षाला हॉलंडहून माझ्या त्या मित्राचे शुभेच्छापत्र आले. गाई आता साठ आहेत. नव्या गोठ्यात अवजारे ठेवली आहेत. खाली एक ओळ होती, 'तुमचा उकिरडा कुठे आहे?' बारा वर्षांत तो विसरला नव्हता. मी उत्तरात नवा पत्ता कळवला आणि विहिरीचे दोन्ही आकडेही लिहिले.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)